पार्ट बसवण्याआधी बॉक्स बघा

गाडी गॅरेजला लावली की आपण एकच प्रश्न विचारतो. "किती होतील?" मिस्त्री आकडा सांगतो. आपण दोनशे कमी करायला लावतो आणि घरी येतो. संध्याकाळी गाडी मिळते. आत काय बसलं, ते आपण बघत नाही.

आता बघायला लागा. हात जोडून सांगतो.

पद्मिनी आणि अँबेसिडरच्या काळात नाही बघितलं तरी चालून जायचं. गाड्यांचे प्रकार मोजके, पार्टही मोजके. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, तालुक्याच्या गावी स्टँडजवळचं एखादं दुकान. दुकानदार ओळखीचा असायचा, मिस्त्रीही ओळखीचा. आज त्याच ब्रेक पॅडच्या कितीतरी वाटा आहेत. शोरूमचं सर्व्हिस सेंटर आहे, बाजारातलं दुकान आहे, मोबाइलवरून मागवलेलं पार्सल आहे, भंगारातून काढलेला माल आहे. पर्याय वाढले ते चांगलंच झालं. पण फसायच्या जागाही वाढल्या.

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात निघालो होतो. गाडीत बायको, सून आणि नातू. निघण्याआधी दोन आठवडे पुढच्या चाकांचे पॅड बदलून घेतले होते. दुकानात दोन बॉक्स समोर ठेवले होते. त्यातला एक बराच स्वस्त होता. नाव मोठ्या कंपनीचंच होतं. मी स्वस्तातला उचलला.

घाट उतरताना जळका वास यायला लागला. मग ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खाली जायला लागला. दुसरा गिअर टाकला, हळूहळू गाडी कडेला घेतली आणि तासभर थांबलो. माणगावात मिस्त्रीनं चाक उतरवलं आणि पॅड माझ्या तळहातावर ठेवलं. वरचा काळा थर पत्र्यापासून एका कडेनं सुटला होता. नखानं उचकटला तर आणखी सुटत होता.

रिकामा बॉक्स डिकीतच पडला होता. तो आता पहिल्यांदा नीट बघितला. चमकता शिक्का होता, पण उन्हात धरून फिरवला तरी त्यातलं चित्र हलेना. नुसता चंदेरी कागद. बॉक्सवर पार्ट नंबर होता, पॅडवर कुठलाच नंबर कोरलेला नव्हता. आणि बिल? वहीच्या कागदावर लिहिलेलं "पॅड १ सेट" आणि खाली रक्कम. दुकानाचं नाव नाही, तारीख नाही. परत आल्यावर दुकानदारानं सरळ हात वर केले. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

चूक त्याची होती. पण बॉक्स आणि बिल तपासायला मला दोन मिनिटं लागली असती.

म्हणून आधी बॉक्सची ओळख करून घ्या. गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. चाकण, पिंपरी-चिंचवड, नाशिक, वाळूज इथले कितीतरी कारखाने तिच्यासाठी बनवतात. तुमच्याच घरातलं कुणीतरी तिथे शिफ्टला जात असेल. त्या कारखान्यातून निघालेला पार्ट गाडी कंपनीच्या बॉक्समध्ये जातो, तो पहिला प्रकार. तोच कारखाना स्वतःच्या नावाच्या बॉक्समध्येही माल बाजारात पाठवतो, तो दुसरा. नाशिकच्या कारखान्यात डिझेलचे इंजेक्टर बनवणारी बॉश घ्या. तिचं जुनं नाव मायको. जुने मिस्त्री अजूनही "मायकोचा टाक" असंच सांगतात. दुसऱ्या प्रकारचा पार्ट बहुधा थोडा स्वस्त पडतो. मात्र तुमच्याच मॉडेलला चालणारा आहे ना, हे नंबरावरून बघावं लागतं.

तिसरा प्रकार म्हणजे नव्या गाडीला माल न देणारा, फक्त बदलीचे पार्ट बनवणारा कारखानदार. तो स्वतःचं नाव, स्वतःचा पत्ता छापून विकतो. बाजारात याला "लोकल" म्हणतात. लोकल म्हणजे खोटा नव्हे. काही लोकल माल चांगला असतो, काही हलका.

चौथा तो, जो दुसऱ्याचं नाव चोरतो. हा डुप्लिकेट. माझ्या हातात आला तो हाच.

एक गोष्ट ऐकून घाबरू नका. ह्युंदाई किंवा किया गाडीच्या अस्सल पार्टवर मोबिस हे नाव असतं. बरेच लोक ते बघून "हे कंपनीचं नाही" म्हणून परत करतात. ती त्यांच्याच गटातली पार्ट पुरवणारी कंपनी आहे.

मग कुठे कुठला घ्यायचा? ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायमिंग बेल्ट, एअरबॅग. इथे पहिला किंवा दुसराच घ्या. पैसे नसतील तर काम आठवडाभर थांबवा, पण गाडीही तोवर उभी ठेवा. टायमिंग बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग बेल्टच्या कितीतरी पट खर्च हेड उघडण्यात जातो. वायपरचं ब्लेड, मडफ्लॅप, एसीचा केबिन फिल्टर असल्या वस्तू तिसऱ्या प्रकारच्या घेतल्या तरी रस्त्यात जीव अडकत नाही. तिथे खुशाल पैसे वाचवा.

आता शोरूमबद्दल. "आमच्याकडेच आलं पाहिजे, पार्ट बाहेर मिळत नाही" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. पूर्वी ते बऱ्याच अंशी खरं होतं. काही कंपन्या आपले पार्ट आणि तपासणीची यंत्रं अधिकृत डीलरांच्या बाहेर जाऊच देत नव्हत्या. यावर तक्रार झाली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ गाडी कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि पार्ट खुल्या बाजारात मिळू द्या, असा आदेश दिला. कंपन्या त्याविरुद्ध दाद मागायला गेल्या आणि प्रकरण लांबलं. तरी आज बऱ्याच कंपन्यांचे अस्सल पार्ट शोरूमच्या बाहेरच्या वितरकांकडेही मिळतात. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही घेतली आहेत.

याचा तुमच्यासाठी अर्थ साधा आहे. गाडी वॉरंटीच्या बाहेर गेली असेल तर शोरूमचं कोटेशन लिहून घ्या. त्यावरचा पार्ट नंबर बघा. तोच नंबर घेऊन वितरकाच्या काउंटरवर जा. अस्सल पार्टच्या बॉक्सवर छापील किंमत असते. त्याहून जास्त कुणालाही घेता येत नाही, मग एसी लावलेलं सर्व्हिस सेंटर असो की पत्र्याची शेड. मजुरीत मात्र मोठा फरक पडतो. तो तुम्हाला तिथे कळेल.

गाडी वॉरंटीत असेल तर घाई करू नका. ते वॉरंटीचं पुस्तक, जे डॅशबोर्डच्या कप्प्यात कधी न उघडता पडलं आहे, ते एकदा वाचा. कुठलं काम बाहेर केलं तर काय होतं, ते त्यात लिहिलेलं असतं. बाहेर टायर बदलला म्हणून इंजिनाची वॉरंटी गेली, असं कुणी तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा. लेखी मागितलं की बरीच तोंडी विधानं मागे घेतली जातात, हा माझा अनुभव आहे.

नंबराची गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतोय, कारण निम्मे गोंधळ तिथेच होतात. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोलचा पार्ट वेगळा, डिझेलचा वेगळा. दोन वर्षांनी बनलेल्या गाडीचा आणखी वेगळा. "अमुक गाडीचा लोअर आर्म द्या" एवढं सांगून भागत नाही. तुमच्या आरसी बुकावर चासी नंबर असतो. तो १७ अक्षर-अंकांचा आहे. त्यावरून काउंटरवाला कॉम्प्युटरवर तुमच्याच गाडीचा पार्ट काढतो. आजच आरसीचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. गाडी रस्त्यात बंद पडली आणि पावसात फोनवरून पार्ट सांगायची वेळ आली, तर तो फोटो उपयोगी पडेल. मात्र हा फोटो ओळखीच्या दुकानापुरताच ठेवा. कुणीही मागितला म्हणून पाठवू नका.

मोबाइलवरून मागवताना थोडी जास्त सावधगिरी लागते. ॲप कुठलं आहे, यापेक्षा विकणारा कोण आहे ते बघा. मोठ्या ॲपवरही माल छोटा विक्रेताच विकत असतो. त्याचं नाव, पत्ता, जीएसटी बिल देणार का, परत घेण्याची मुदत किती, हे पैसे भरण्याआधी वाचा. विजेचे पार्ट एकदा बसवून बघितले की बरेच विक्रेते परत घेत नाहीत. पार्सल आलं की फोडताना घरातल्या कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. बाहेरचा पत्ता, मग सील, मग आतला बॉक्स, मग पार्टवरचा नंबर. एका दमात. मध्ये कॅमेरा बंद करू नका.

आणि मागवण्याआधी मिस्त्रीला विचारा. हे फार जण विसरतात. पार्ट घेऊन थेट गॅरेजला जातात, मिस्त्री तोंड वाकडं करतो, आणि मग दोघांचं बिनसतं.

त्याची बाजूही समजून घ्या. आपल्याकडे मजुरी कमी ठेवायची आणि पार्टवर थोडं सुटतं त्यात भागवायचं, असाच गॅरेजचा हिशोब असतो. तुम्ही पार्ट स्वतः आणलात की त्याची तेवढी कमाई जाते. वर पार्ट खराब निघाला तर काम दुसऱ्यांदा त्यालाच करावं लागतं. म्हणून आधीच सांगा, "पार्ट मी आणतो, मजुरी तुम्ही पूर्ण लावा." किंवा पार्ट त्यालाच आणू द्या आणि फक्त एवढं म्हणा, "बॉक्स माझ्यासमोर उघडा, बिल माझ्या नावानं आणा." चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही. आमच्या आळीतला मिस्त्री तर आता न सांगता बॉक्स सीटवर ठेवून देतो. पार्टची जबाबदारी त्यानं घ्यावी असं वाटत असेल, तर त्याचे दोन पैसे सुटू द्या. ते जास्तीचे पैसे नव्हेत, ती त्याच्या जबाबदारीची किंमत आहे.

आणखी एक मोठा बदल तुमच्या खिशाला थेट लागतो. पूर्वी खराब झाला तेवढाच तुकडा बदलायचे. बुश गेला तर बुश, बेअरिंग गेलं तर बेअरिंग. आता अनेक ठिकाणी पूर्ण असेंब्ली विकली जाते. हेडलाइटचा बल्ब पूर्वी पेट्रोल पंपाशेजारीही मिळायचा. आता एलईडीची लाइट असेल तर पुष्कळ गाड्यांत सगळं युनिटच बदलावं लागतं. काही गाड्यांत चाकाचं बेअरिंग हबसकट येतं. म्हणून कोटेशनवर "असेंब्ली" हा शब्द दिसला की शांतपणे विचारा, "यातला सुटा पार्ट मिळतो का? सुटा टाकला तर टिकेल का?" कधी उत्तर "नाही" असेल आणि ते खरंही असेल. कधी मात्र हजारो रुपये वाचतात.

सेन्सर, चावी, इंजिनाचा कॉम्प्युटर यांचं आणखी वेगळं. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ गाड्या आल्या, त्यांत सेन्सर वाढले. यातले काही पार्ट नुसते बसवून चालत नाहीत. स्कॅनर लावून गाडीला ते ओळखायला शिकवावं लागतं. पार्ट घेण्याआधी विचारा, "कोडिंग लागतं का, आणि ते तुमच्याकडे होतं का?" नाहीतर पार्ट बसलेला असतो, दिवा पेटलेला असतो आणि गाडी टो करून शोरूमला न्यावी लागते.

कराचं थोडक्यात सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी बहुतेक पार्टवर तो २८ टक्के होता. मूळ हजाराचा पार्ट १,२८० ला पडायचा, तो १,१८० ला पडायला हवा. त्या तारखेआधी छापलेल्या बॉक्सवर जुनी किंमत असू शकते. तिच्यावर जाऊ नका, बिलावरचा कर बघा. दुरुस्तीच्या मजुरीवर कर आधीपासून १८ टक्केच होता.

विम्याचंही एक लक्षात ठेवा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या पार्टचे निम्मेच पैसे मिळतात. बंपर आठ हजारांचा असेल तर चार हजार तुमचे. काचेला ही कपात लागत नाही. लोखंडी पार्टला गाडीच्या वयाप्रमाणे कपात वाढत जाते. शहरात गाडी घासत असेल तर पुढच्या वेळी पॉलिसी घेताना झिरो डेप्रिसिएशनचा हप्ता विचारून बघा.

आता ज्यांची गाडी बनवणारी कंपनीच निघून गेली, त्यांच्याशी बोलतो. शेवरोलेनं २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं. तळेगावचा तिचा कारखाना पुढे बंद झाला आणि नंतर ह्युंदाईनं घेतला. फोर्डनं २०२१ मध्ये इथे गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. बीट, स्पार्क, टवेरा, फिगो, इकोस्पोर्ट अजून आपल्या रस्त्यांवर आहेत. तुमच्याकडे यातली एखादी असेल तर ती मिळेल त्या भावात विकून टाकायची घाई करू नका. फिल्टर, पॅड, क्लच प्लेट असे झिजणारे पार्ट दुसऱ्या प्रकारच्या बॉक्समध्ये, म्हणजे मूळ कारखानदाराच्या नावानं, शोधा. अडचण बॉडीच्या पार्टची, काचेची आणि खास सेन्सरची येते. ते लागतील असं दिसलं की वेळेआधी विचारपूस सुरू करा. पण घरात साठा करू नका. रबर पडून पडून कडक होतं. ब्रेक ऑइल उघडलं की हवेतली ओल पितं.

जुन्या पार्टना माझी हरकत नाही. दरवाजा, आरसा, सीट, डिकीचं झाकण जुनं चांगलं मिळालं तर घ्या. पण एअरबॅग, सीट बेल्ट, ब्रेकचं काहीही जुनं घेऊ नका. टायर घेताना त्याच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३२४ असेल तर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. नव्या दुकानातला "नवा" टायरही कधी कधी चार वर्षांचा निघतो. आणि स्वस्तातला जुना सायलेन्सर तर नकोच. त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनमसारखे महाग धातू असतात, म्हणून उभ्या गाड्यांचे सायलेन्सर कापून नेण्याचे प्रकार आपल्याकडेही झाले आहेत. तुमच्या हातात आलेला कुणाच्या गाडीखालून आला असेल, सांगता येत नाही. चोरीचा माल आहे हे कळत असून घेणं हाही गुन्हाच.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मराठीतही बोलता येतं. त्याच्या आधी दुकानदाराकडे लेखी तक्रार द्या, व्हॉट्सॲपवर का होईना. बिल, बॉक्सचा फोटो, पार्टचा फोटो जवळ ठेवा. माझ्याकडे यातलं काही नव्हतं, म्हणून सांगतोय.

काम झाल्यावर गॅरेजमधून निघताना बदललेला जुना पार्ट परत मागा. नवा खरंच बसला की नाही, ते त्यावरून कळतं. जुना घरी नेऊन काय करायचं, असं वाटलं तर बघून तिथेच सोडा.

रिकामा बॉक्स मात्र सोडू नका. अस्सल बॉक्स आणि ऑइलचे रिकामे डबे गोळा करून त्यांत डुप्लिकेट माल भरला जातो. पार्टची वॉरंटी असेल तर मुदत संपेपर्यंत बॉक्स घरी ठेवा. मग त्यावरचा नंबर वहीत उतरवा आणि बॉक्स उभा फाडून टाका, शिक्का असलेला भाग वेगळा. ऑइलच्या डब्याला खिळ्यानं तळाशी दोन भोकं पाडा, मगच तो भंगारवाल्याला द्या.

यंदा गणपतीला गावी जाणार असाल तर गाडी पंधरा दिवस आधी दाखवा. आदल्या संध्याकाळी गेलात तर मिस्त्रीकडे रांग असते, अस्सल पार्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि जो हाताशी असेल तोच बसवून निघावं लागतं.